कळविले आणि कळले

२० जुलै २०२३ची सकाळ. गुरुवार होता. बुलढाण्याच्या बस स्थानकासमोर चहाच्या टपरीवर मी उभा होतो. पावसाची भुरभुर चालू होती आणि टपरीतल्या लहानशा टीव्हीवर इर्शाळवाडीची दृश्ये दाखवीत होते. आदल्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या त्या ठाकरवाडीवर डोंगर कोसळला होता. साडेदहाच्या सुमारास चहावाल्याच्या गल्ल्यावरचा मोबाईल एकाएकी किंचाळू लागला. ही नेहमीची घंटी नव्हती. दवाखान्याच्या गाडीचा भोंगा कोणी खिशात कोंबावा तसा तो आवाज! त्याचा थांबतो न थांबतो तोच बाकावर बसलेल्या एका शेतकऱ्याचा वाजला, मग माझा. "काऊन बोंबलून राह्यला हो हा?" म्हणत त्या शेतकऱ्याने मोबाईल हातभर लांब धरला. कॉलेजातल्या एका मुलाने बजावले, "दाबू नका काका, बँकेतले पैसे जातात." आधी इंग्रजी मजकूर आला, थोड्या वेळाने तोच मराठीत. त्याचा आशय असा, की दूरसंचार विभागाने घेतलेली ही चाचणी आहे, तुम्हाला काही करायचे नाही, या संदेशाकडे दुर्लक्ष करावे.

सरकारने इतक्या मोठ्या आवाजात जनतेला प्रथमच हाक मारली आणि त्या पहिल्या हाकेत सांगितले काय, तर दुर्लक्ष करा. चाचणी म्हणून ते बरोबरच होते, याबद्दल माझी तक्रार नाही. पण टीव्हीवर ढिगारा दिसत होता आणि हातातला मोबाईल दुर्लक्ष करा म्हणत होता. चहा तसाच ठेवून मी घरी आलो. इर्शाळवाडीतून पुढे २७ मृतदेह निघाले. ५७ माणसे बेपत्ता म्हणून नोंदली गेली आणि चौथ्या दिवशी शोध थांबवण्यात आला.

त्या गुरुवारनंतरच्या शनिवारी, २२ जुलैला, आमच्याच जिल्ह्यात घाटाखाली संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत पाण्याने हाहाकार केला. सातपुड्यातून उतरणाऱ्या नद्या-नाल्यांनी पात्र सोडले, गावांचे रस्ते तुटले, घरांत पाणी शिरले, जनावरे वाहून गेली आणि कित्येक शेतांतली माती खरवडून निघाली. बाहेरच्या वाचकांना घाटावर आणि घाटाखाली हा फरक सांगितला पाहिजे. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा हे तालुके पठारावर. मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर मुख्यतः खाली, पूर्णेच्या खोऱ्यात. जिल्हा एक, पण पाण्याचे स्वभाव दोन. घाटावर पैनगंगा आणि खडकपूर्णा यांचा पूर चढताना दिसतो. सातपुड्याच्या पायथ्याशी तसे नाही. डोंगरात कोसळलेला पाऊस पाहता पाहता गावाच्या वेशीत उभा राहतो आणि त्या वेळी गावावर आभाळ कदाचित नुसते भरून आलेले असते. अशा ठिकाणी सूचना मिळायला एक तास उशीर झाला, तर ती मिळाली काय आणि न मिळाली काय, सारखेच.

या विषयावर लिहिण्याचा मला थोडा अधिकार आहे आणि थोडी टोचणीही आहे. महसूल खात्यात अव्वल कारकून आणि पुढे नायब तहसीलदार म्हणून माझी नोकरी गेली. पावसाळ्यात तहसील कचेरीत पूरनियंत्रण कक्ष उघडतात. कक्ष म्हणजे एक टेबल, एक फोन, एक कंदील आणि एक जाडजूड नोंदवही. रात्रपाळीला एक कारकून आणि एक शिपाई. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, घाटाखालच्या एका तालुक्यात, एका रात्री त्या टेबलाशी मी होतो. अकराच्या पुढे वरून निरोप आला, की डोंगरात फार पाऊस आहे, नदीकाठच्या गावांना सावध करा. फोन बंद होता म्हणून तो पोलिसांच्या बिनतारीवरून आला होता. मी गावांची यादी काढली आणि बिनतारीवरूनच ती ठाण्याला दिली. ठाण्याने एका जमादाराला पाठवले. त्याने पहिल्या दोन गावांत सांगितले. तिसऱ्या गावाच्या अलीकडचा नाला भरला होता, म्हणून वाटेत भेटलेल्या एका माणसाजवळ त्याने निरोप दिला. त्या गावचे पोलीस पाटील पंढरपूरला गेलेले. कोतवाल तापाने फणफणलेला. मी मात्र माझे काम केले होते. नोंदवहीत यादीतल्या सर्व गावांसमोर वेळ टाकली आणि सुवाच्य अक्षरात लिहिले, 'कळविले'.

तिसऱ्या गावाच्या शिवारात एक शेतकरी मळ्यातल्या गोठ्यात झोपला होता. पहाटे पाणी आले. तो बाभळीवर चढला म्हणून वाचला. दावणीला बांधलेली बैलजोडी त्याच्या डोळ्यांदेखत गेली. आठ-दहा दिवसांनी पंचनाम्याच्या कागदासाठी तो कचेरीत आला. कोणीतरी त्याला सांगितले, की सूचना दिली होती, वहीत नोंद आहे. त्याने ती वही मला दाखवायला लावली. त्याला वाचता येत नव्हते. मीच वाचून दाखवले. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही कळवलं, हे खरं. मंग मले काऊन नाही कळलं?"

चौकशीत दोषी कोणीच निघाला नाही. प्रत्येकाजवळ 'कळविले' होते.

पुढे जितक्या यंत्रणा पाहिल्या, त्या साऱ्यांना मी मनातल्या मनात त्याचाच प्रश्न विचारीत आलो. यंत्रणा वाढली आहे, यात शंका नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने राज्याची झोप उडवली. भूकंपाची आगाऊ सूचना कोणालाच देता येत नाही, पण त्या पहाटेनंतर निदान एवढे झाले, की मंत्रालयात नियंत्रण कक्ष आला आणि जिल्ह्याजिल्ह्याचे आपत्ती व्यवस्थापन आराखडे तयार होऊ लागले. २००५मध्ये देशाचा आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरणे आली. राज्याच्या कक्षासाठी १०७० आणि जिल्ह्याच्या कक्षासाठी १०७७ हे क्रमांक ठरले. हे क्रमांक आपल्या घरात किती जणांना पाठ आहेत, हे वाचकांनी आजच विचारून पाहावे.

आता मोबाईलच्या त्या किंकाळीविषयी. साधा लघुसंदेश हा पोस्टमनसारखा असतो. प्रत्येक क्रमांकाचे दार वेगळे ठोठवायचे. लाखभर दारे एकदम ठोठवायची म्हटली, की खोळंबा होतो आणि नेमक्या संकटाच्या वेळी सारेच एकमेकांना फोन करीत असल्याने वाट अधिकच तुंबते. सेल ब्रॉडकास्ट नावाची ही नवी रीत दवंडीसारखी आहे. मनोरा एकदाच ओरडतो. त्याच्या टापूत जो मोबाईल चालू असेल आणि ज्यात ही सोय असेल, तो ऐकतो. क्रमांक कोणाचा, गाव कोणते, माणूस इथला की लग्नाला आलेला पाहुणा, हे मनोऱ्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. माझ्या त्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे. दवंडी गावठाणात फिरते, मनोऱ्याची हाक मळ्यातल्या गोठ्यातही पोहोचू शकते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणासाठी सी-डॉट या सरकारी संस्थेने हे तंत्र उभे केले आणि २०२३मध्ये राज्याराज्यांत त्याच्या चाचण्या झाल्या.

त्यामागची 'सचेत' नावाची व्यवस्थाही समजून घेण्यासारखी आहे. पावसाचा इशारा हवामान विभाग देतो, नद्यांचा केंद्रीय जल आयोग, समुद्राचा हैदराबादची संस्था. पूर्वी यांतला प्रत्येक जण आपापल्या पद्धतीने कागद पाठवीत असे. आता सर्वांनी एकाच साच्यात लिहायचे. कोणी दिला, कोणत्या भागासाठी, किती तातडीचा, किती गंभीर, किती खात्रीचा आणि कधीपर्यंत लागू. राज्याच्या प्राधिकरणाने तो पाहायचा, स्थानिक भाषेत आणायचा आणि पुढे सोडायचा. साचा उत्तम आहे. नायब तहसीलदाराच्या नजरेने पाहिले, तर त्यात एकच रकाना कमी आहे. कोणाला कळले?

कळण्याची पहिली अडचण भाषेची. आकाशवाणीवर हवामानाचे वृत्त लागले, की "विदर्भात तुरळक ठिकाणी पाऊस पडण्याची शक्यता आहे" हे वाक्य ठरलेले. आमच्याकडचे शेतकरी हसत, "हे तुरळक गाव कोणत्या तालुक्यात हाय? सारा पाऊस तिथंच पडते." वस्तुतः हवामान विभागाच्या भाषेत या शब्दांना मापे आहेत. तुरळक म्हणजे त्या विभागातल्या पाव भागापर्यंत, काही ठिकाणी म्हणजे निम्म्यापर्यंत, बऱ्याच ठिकाणी म्हणजे पाऊण भागापर्यंत आणि बहुतेक ठिकाणी म्हणजे त्याच्याही वर. चोवीस तासांत साडेचौसष्ट मिलिमीटरपासून पुढचा पाऊस तो मुसळधार, ११५.६पासून अतिमुसळधार आणि २०४.४च्या वर गेला, की त्याच्याही पलीकडचा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, तांबडा म्हणजे हालचाल करा. हे आम्हाला कोणी कधी शिकवले? अतिवृष्टीचा ६५ मिलिमीटरचा आकडा मात्र घाटाखालच्या पोरासोरांनाही पाठ आहे, कारण मंडळातल्या पर्जन्यमापकाने तो दाखवला, तरच नुकसानभरपाई मिळते. नुकसान झाल्यानंतरचे शास्त्र आम्ही अगदी पक्के केले आहे.

दुसरी अडचण विश्वासाची. नारिंगी इशारा साऱ्या जिल्ह्याला मिळतो. तेरा तालुक्यांचा जिल्हा. लोणारला धो धो कोसळते तेव्हा संग्रामपुरात ऊन असू शकते. असे चार वेळा झाले, की पाचवा इशारा कोणी वाचीत नाही. आणि इशारा द्यायचा नाही म्हटले, तर पाचव्या वेळी नेमके पाणी येते. ११ फेब्रुवारी २०१८ची गारपीट जालना-बुलढाण्याकडच्या लोकांना आठवत असेल. हरभरा, गहू, संत्री यांचे क्षणात होत्याचे नव्हते झाले. काही दिवस आधी कळले असते, तरी उभे पीक उचलून कोठे ठेवणार होते? पण माणसे आणि जनावरे आडोशाला जाऊ शकतात, आणि काढून ठेवलेला माल झाकता येतो. विजेचेही तेच. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' हे ॲप आसपास वीज पडण्याचा धोका सांगते. ज्याच्या हाती विळा आहे, त्याच्या हाती त्या क्षणी मोबाईल असतोच असे नाही, आणि निंदणीला आलेल्या बायांपैकी कितींजवळ तसा मोबाईल असतो, हा प्रश्न वेगळाच.

विश्वासाच्या बाबतीत आमच्या जिल्ह्याचे एक उदाहरण सांगण्याचा मोह आवरत नाही. जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळची घटमांडणी होते. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात, भोवती धान्ये ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला त्यांतले फेरबदल पाहून पाऊस-पाण्याचे भाकीत सांगतात. ही परंपरा साडेतीनशे वर्षांची म्हणतात. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांचा तिला विरोध आहे, आणि रात्रीतून सरकलेल्या दाण्यावरून पर्जन्यमान कळते यावर माझाही विश्वास नाही. पण जरा त्यातली व्यवस्था पाहा. दिवस ठरलेला, जागा ठरलेली, सांगणारे घराणे ठरलेले, भाषा ऐकणाऱ्याची. विदर्भ-खानदेशातून शेतकरी स्वतः उठून ऐकायला येतात आणि संध्याकाळपर्यंत ते भाकीत पारापारावर पोहोचते. माहिती कच्ची, पण पोहोच पक्की. आमच्या सरकारी इशाऱ्याचे नेमके उलटे. उपग्रह, रडार, संगणक यांतून आलेली पक्की माहिती, आणि पोहोच मात्र दैवाधीन.

अधिकृत माणूस वेळेवर बोलला नाही, की ती जागा रिकामी राहत नाही, हेही आम्ही पाहिले आहे. जानेवारी २०२५मध्ये शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. तपासणीची पथके आली, पाण्याचे नमुने गेले, दिल्लीहून तज्ज्ञ आले. हे सारे होईपर्यंत 'टक्कल व्हायरस' हे नाव मोबाईलवरून देशभर जाऊन परत आले होते. विषाणूचा पुरावा नव्हता; पुढे चर्चा झाली ती गव्हातल्या सेलेनियमची. पण लोकांच्या तोंडी राहिला तो व्हायरसच.

जगातही हा घोळ आमच्यापुरताच आहे असे नाही. १३ जानेवारी २०१८ला अमेरिकेच्या हवाई बेटांवर सकाळी सर्वांच्या मोबाईलवर संदेश झळकला, की क्षेपणास्त्र येत आहे, आसरा घ्या, ही कवायत नव्हे. पाळी बदलतानाच्या सरावात एका कर्मचाऱ्याने खराखुरा इशारा सोडला होता. तो खोटा असल्याचा दुसरा संदेश जायला ३८ मिनिटे लागली, कारण धोक्याचा मजकूर तयार होता, धोका नसल्याचा मजकूर कोणी लिहूनच ठेवला नव्हता. त्या देशात १९५१पासून अशा व्यवस्था आहेत आणि दर आठवड्याला त्यांच्या चाचण्या होतात. तरीही, त्याच हवाईत ऑगस्ट २०२३मध्ये माउई बेटावर वणवा पेटला, तेव्हा भोंगे होते पण वाजवले गेले नाहीत.

याउलट बांगलादेश. १९७०च्या चक्रीवादळात तिथे तीन लाखांवर माणसे गेली. त्यानंतर त्यांनी किनाऱ्यावर स्वयंसेवकांची फळी उभी केली. हाती कर्णा, खांद्यावर झेंडा, आणि प्रत्येकाला आपापली घरे नेमून दिलेली. रेडिओवरचा इशारा ऐकून हे लोक दारोदार जातात. वादळे थांबली नाहीत, पण माणसे मरण्याचे प्रमाण कितीतरी पटींनी खाली आले. उपग्रह होतेच, दार ठोठावणारी गल्लीतली ओळखीची व्यक्ती ही त्यांनी घातलेली भर.

आपल्याकडे ती व्यक्ती होती. तिचे नाव कोतवाल. हलगीवर थाप मारून "ऐका हो ऐका" म्हणत तो प्रत्येक आळीत थांबत असे आणि कोणाच्या घरी म्हातारी अंथरुणाला खिळली आहे, कोण मळ्यात जागलीला गेला आहे, हे त्याला पाठ असे. आता एका साझ्यात दोन-तीन गावे, कोतवालाच्या मागे कचेरीचे टपाल, आणि दवंडीचे काम व्हॉट्सॲपच्या गटाकडे. तो गट रात्री अकरानंतर कोण पाहतो? पुणे, नाशिक अशा काही जिल्ह्यांत ग्रामसुरक्षा यंत्रणा चालवली गेली. एका क्रमांकावर आपण बोलायचे, आणि तेच बोलणे गावातल्या साऱ्या फोनवर घंटी होऊन जाते. चोर, बिबट्या, पूर, कशालाही उपयोगी. मला ही कल्पना आवडते, कारण तिच्यात आवाज ओळखीचा असतो. देवळातला हरिपाठाचा कर्णा आणि मशिदीवरचा भोंगा यांचीही मोजदाद आपत्तीच्या आराखड्यात झाली पाहिजे. भांडणे लावण्यापलीकडेही त्यांचा उपयोग आहे.

राहिली गोष्ट देखभालीची. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईसारख्या शहरात वीज गेली, फोन मुके झाले. मनोऱ्यालाही वीज लागते, मोबाईललाही. आमच्याकडे वारा सुटला, की आधी बत्ती जाते. म्हणजे ज्या रात्री इशाऱ्याची गरज, नेमक्या त्याच रात्री तो ऐकणारे यंत्र उपाशी. २०२३मध्ये केंद्राने मोबाईल बनवणाऱ्यांना सांगितले, की त्यांतला एफएम रेडिओ बंद करू नका, संकटात तो कामी येतो. ही सूचना मला फार शहाणपणाची वाटली. धरणावरचे भोंगे, नदीकाठच्या गावांचे कर्णे, त्यांच्या बॅटऱ्या, नियंत्रण कक्षातल्या यादीतले बदली होऊन गेलेल्यांचे क्रमांक, हे सारे मृगाच्या आधी एकदा तपासायला फार पैसा लागत नाही. आणखी एक लागेल. नोंदवहीत 'कळविले'च्या शेजारी दुसरा रकाना. शेवटच्या वस्तीतल्या एका माणसाला कक्षातून उलटा फोन करायचा, त्याने काय ऐकले ते त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचे, आणि मगच तो रकाना भरायचा. निवृत्तीच्या आधी दोन पावसाळे मी हे स्वतःपुरते केले. सहकारी हसत. पहिल्याच वेळी तीन गावांतून उत्तर आले, "कशाचा निरोप? आमाले तं काहीच नाही."

माळीणची हकीकत अनेकांना माहीत असेल. ३० जुलै २०१४ला पुणे जिल्ह्यातले ते गाव डोंगराखाली गेले आणि दीडशेवर माणसे मेली. बाहेरच्या जगाला ते प्रथम कळले एसटीच्या एका चालकामुळे. नेहमीची सकाळची गाडी घेऊन तो गेला, तर गाव जागेवर नव्हते. तिथे निरोप उलट्या दिशेने निघाला, आणि तोही यंत्रणेतल्या कोणाकडून नव्हे.

संग्रामपूरकडच्या त्या पुरानंतर आठवड्याने तिकडच्या एका जुन्या स्नेह्यांचा फोन लागला. त्यांच्या घरात कमरेएवढे पाणी होते, धान्याची कोठी भिजली होती. मी सवयीने विचारले, "मोबाईल वाजला का तुमचा?"

"गुरुवारी वाजला ना भाऊ. शनिवारी कुठचा वाजते? बत्ती रातीच गेली होती, मोबाईल मेलेला."

"मग उठवले कोणी?"

"शेजाऱ्यानं. मागचं दार वाजवलं त्यानं."

"आणि त्याला?"

"त्याची म्हैस हंबरत होती. दावं तोडाले पाहे."